मिथेनच्या टाकीतला दाब : स्टारशिपच्या उतरण्याच्या चाचण्यांचा प्रकरण अभ्यास

९ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, बोका चिका येथून, स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप यानाचा एसएन-८ हा नमुना सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीपर्यंत गेला, तेथून पोटावर आडवा होऊन खाली येऊ लागला आणि जमिनीजवळ त्याने स्वतःला पुन्हा उभेही केले. उतरण्याच्या जागेचा त्याचा नेम चुकला नाही, पण वेग पुरेसा कमी झाला नव्हता आणि आदळताच यानाचा स्फोट झाला. शेवटच्या काही सेकंदांत इंजिनाच्या ज्वाळेला हिरवा रंग आलेला दूरवरच्या कॅमेऱ्यांतही स्पष्ट दिसत होता. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी लगोलग जे कारण जाहीर केले ते अगदी थोडक्यात होते : उतरताना इंधनाच्या हेडर टाकीतला, म्हणजे उतरण्यापुरते इंधन राखून ठेवणाऱ्या लहान टाकीतला, दाब कमी पडला.

तीन महिन्यांनी, ३ मार्च २०२१ रोजी, एसएन-१० हा नमुना त्याच जागी उभा उतरला आणि सुमारे आठ मिनिटांनी फुटला. त्याही वेळी दोष इंधनाच्या हेडर टाकीपर्यंत पोहोचला. मात्र या खेपेला टाकीत दाब पुरेसा होता आणि तो टिकवण्यासाठी केलेला उपायच अंगाशी आला होता. या दोन अपघातांना जोडणारा धागा मिथेनच्या एकाच गुणधर्मात आहे, असे मला वाटते. मिथेनचा वायू थंड द्रवाला भेटला की पुन्हा द्रव होतो. एका अपघातात या गुणधर्माने घात केला, तर दुसऱ्यात तो गुणधर्म नसल्याने घात झाला. द्रव इंधनाच्या इंजिनांविषयी बोलताना आपण बहुधा ज्वलनकक्ष, धक्का आणि विशिष्ट आवेग (दर किलो इंधनामागे किती धक्का मिळतो याचे माप) यांतच रमतो. टाकीत द्रवाच्या वर जी वायूने भरलेली जागा असते तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडण्याजोगे आहे.

मिथेनची निवड

रॉकेटसाठी मिथेन वापरण्याची कल्पना नवी नाही. योहानेस विंकलर यांनी १९३१ मध्ये जर्मनीत डेसाऊजवळ उडवलेले छोटे रॉकेट द्रव मिथेन आणि द्रव ऑक्सिजनवर चालले होते. त्यानंतर मात्र मोठ्या रॉकेटांचे जग मुख्यतः केरोसीन आणि हायड्रोजन यांत वाटले गेले आणि मिथेन प्रयोगशाळांपुरते उरले. मिथेनवर चालणारे रॉकेट पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पहिल्यांदा पोहोचले ते १२ जुलै २०२३ रोजी, आणि ते लँडस्पेस या चिनी कंपनीचे झुचे-२ होते. म्हणजे येथे ज्या चाचण्यांची चर्चा आहे त्या वेळी मिथेनवरचे एकही यान कक्षेत गेलेले नव्हते, आणि उड्डाणातला अनुभव जवळजवळ शून्य होता.

निवडीमागची कारणे आकड्यांत चटकन दिसतात. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्याच्या एका घनमीटरचे वस्तुमान जेमतेम ७१ किलो भरते. इंधन आणि ऑक्सिजन यांचा नेहमीच्या प्रमाणातला एकत्र विचार केला, तर केरोसीनच्या जोडीची सरासरी घनता घनमीटरला हजार किलोच्या थोडी वर, मिथेनच्या जोडीची सुमारे ८३० किलो आणि हायड्रोजनच्या जोडीची सुमारे ३६० किलो येते. विशिष्ट आवेगात क्रम बरोबर उलटा लागतो : निर्वातात हायड्रोजन सुमारे ४५० सेकंदांपर्यंत जातो, मिथेन ३६० ते ३८० च्या आसपास राहते आणि केरोसीन त्याच्या खाली. मिथेन अशा रीतीने मधली जागा धरते. पण केवळ मधली जागा हे एवढ्या मोठ्या बदलाचे पुरेसे कारण नव्हे. मिथेनचे खरे वजन पडते ते इंजिनाच्या आतल्या स्वच्छतेत. केरोसीन तापले की शीतलनाच्या बारीक वाहिन्यांत कार्बनचा थर धरते, आणि इंधन जास्त व ऑक्सिजन कमी ठेवून जाळले की काजळी करते. मिथेनच्या रेणूत एकच कार्बन असल्याने हा त्रास फार कमी होतो. स्पेसएक्सच्या रॅप्टर इंजिनात दोन प्रीबर्नर, म्हणजे पंप फिरवण्यासाठी गरम वायू तयार करणारे छोटे ज्वलनकक्ष, आहेत : एकात इंधन जास्त ठेवून मिथेनचा पंप फिरवला जातो, दुसऱ्यात ऑक्सिजन जास्त ठेवून ऑक्सिजनचा. ही रचना केरोसीनवर सुखाने चालली नसती. शिवाय मंगळाच्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून साबातिये अभिक्रियेने मिथेन तयार करता येते, हा कंपनीच्या दृष्टीने मोठा मुद्दा होता.

तापमानाचाही एक फायदा आहे आणि त्याच्या पोटात एक धोका आहे. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो आणि मिथेन उणे १६१.५ अंशांना, त्यामुळे दोन्ही टाक्यांच्या मध्ये एकच घुमटाकार भिंत ठेवता येते व उष्णतारोधकाचे जाड थर लागत नाहीत. मात्र मिथेन गोठते उणे १८२.५ अंशांना, म्हणजे जवळजवळ ऑक्सिजनच्या उत्कलनबिंदूवरच. ऑक्सिजन अधिक दाट व्हावा म्हणून तो आणखी थंड करून भरला, तर भिंतीच्या पलीकडचे मिथेन गोठू शकते. ही सीमा सांभाळूनच भरणीची तापमाने ठरवावी लागतात.

टाकीत दाब कशासाठी आणि कोणाचा

टर्बोपंप प्रचंड वेगाने फिरत द्रव ओढून घेतो. त्याच्या तोंडाशी द्रवाचा दाब बाष्पदाबाच्या, म्हणजे ज्या दाबाला तो द्रव उकळू लागतो त्याच्या, जवळ आला, तर द्रवात वाफेच्या पोकळ्या तयार होतात, प्रवाह तुटक होतो आणि पंपाची पातीही झिजतात. म्हणून टाकीत द्रवाच्या वर वायू भरून तो दाबाखाली ठेवतात, आणि द्रव संपत जाईल तशी रिकामी होणारी जागा नव्या वायूने भरत राहतात. पातळ पत्र्याच्या मोठ्या टाकीला ताठपणाही याच दाबाने येतो.

हा वायू कोणता असावा याची दोन उत्तरे आहेत. पहिले हेलियम. तो उणे २६९ अंशांपर्यंत द्रव होत नाही, कशाशी अभिक्रिया करत नाही, आणि केरोसीनच्या अनेक रॉकेटांत तोच वापरला जातो. परंतु तो अतिउच्च दाबाच्या बाटल्यांत न्यावा लागतो आणि बाटल्या स्वतःच एक जोखीम असतात. फाल्कन-९ रॉकेटचे २८ जून २०१५ आणि १ सप्टेंबर २०१६ या तारखांचे दोन्ही मोठे अपघात हेलियमच्या बाटल्यांशी निगडित होते : पहिल्यात बाटली धरून ठेवणारा आधार तुटला, दुसऱ्यात बाटलीच थंड ऑक्सिजनच्या टाकीत फुटली. दुसरे उत्तर असे की इंजिनातून थोडे मिथेन तापवून, वायू करून, त्याच्याच टाकीत परत सोडावे आणि ऑक्सिजनच्या बाबतीतही तसेच करावे. यात बाटल्या नाहीत, तिसरा पदार्थ नाही, आणि दूरच्या ग्रहावर हेलियम कोठून आणायचे हा प्रश्नही नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलची बाहेरची मोठी टाकी हायड्रोजन आणि ऑक्सिजनसाठी हीच पद्धत वापरत असे. स्टारशिपची मूळ योजना याच दुसऱ्या मार्गाची होती आणि माझ्या मते ती योग्य होती.

शटल आणि स्टारशिप यांत एक निर्णायक फरक मात्र आहे. शटलची टाकी रिकामी होईपर्यंत इंजिने सलग चालत आणि त्वरणामुळे द्रव तळाशी शांत बसलेला असे. गरम वायू वर, थंड द्रव खाली, आणि दोघांच्या मध्ये एक स्थिर पृष्ठभाग, अशी ती स्थिती होती. पृष्ठभागावरचा द्रवाचा पातळ थर थोडा तापतो आणि तोच खालच्या थंड द्रवावर पांघरुणासारखा राहतो, त्यामुळे वायूचे द्रवात रूपांतर अगदी मंद गतीने होते. पांघरूण जागेवर असेपर्यंत दाबही टिकून राहतो.

एसएन-८ : पांघरूण विस्कटले

स्टारशिपचे उतरणे याच्या अगदी उलट आहे. शिखरावर पोहोचल्यावर सगळी इंजिने बंद होतात, नऊ मीटर व्यासाचे पोलादी यान आडवे होऊन हवेवर पोट टेकत पडत राहते, आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर इंजिने पुन्हा पेटवून काही सेकंदांत उभे होते. मोठ्या टाक्यांत तोवर तळाला थोडेसेच द्रव उरलेले असते. ते आडव्या यानात बाजूच्या भिंतीवर पसरते आणि पंपाच्या तोंडाशी येईलच याची खात्री नसते. म्हणूनच उतरण्यापुरते इंधन वेगळ्या, लहान आणि भरलेल्या हेडर टाक्यांत राखून ठेवलेले असते. या नमुन्यांत ऑक्सिजनची हेडर टाकी नाकाच्या टोकाशी होती आणि मिथेनची दोन मुख्य टाक्यांमधल्या घुमटाशी. भरलेल्या लहान टाकीत द्रव कमी हिंदकळतो, हा त्यामागचा विचार बरोबरच आहे. पण कमी हिंदकळणे म्हणजे अजिबात न हिंदकळणे नव्हे, आणि वायूची जागा लहान असल्यामुळे त्यातला थोडासा वायू नाहीसा झाला तरी दाब मोठ्या प्रमाणात पडतो.

किती थोडासा, हे एका ढोबळ हिशेबाने पाहता येईल. यातले आकडे मिथेनच्या सर्वसाधारण गुणधर्मांवरून घेतलेले आहेत, त्या यानाच्या मोजमापांवरून नव्हे. उणे १४३ अंशांना मिथेनचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन पटींहून थोडा अधिक असतो, आणि त्या स्थितीतल्या एक घनमीटर वायूचे वस्तुमान सुमारे ६ किलो असते. हा सगळा वायू द्रव झाला तर बाहेर पडणारा अप्रकट उष्मा (वायूचा द्रव होताना सुटणारी उष्णता) एक घनमीटर थंड द्रवाचे तापमान जेमतेम दोन अंशांनी वाढवू शकेल. याचा अर्थ असा की उणे १६० अंशांच्या आसपासचा द्रव आपल्याएवढ्याच आकारमानाचा वायू सहज पोटात घेतो आणि त्याला फारशी झळही लागत नाही. गणिताने वायूला वाचवणारे काहीच नसते. त्याला वाचवतो तो फक्त दोघांमधला शांत पृष्ठभाग. आडवे यान उभे होण्यासाठी गिरकी घेते तेव्हा तोच पृष्ठभाग मोडतो, द्रवाचे थेंब व लाटा वायूत शिरतात, संपर्काचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते आणि दाब कोसळतो. त्यात भर अशी की गरम वायू द्रव होण्याआधी नुसता थंड होतो तेव्हाही त्याचा दाब उतरतो. म्हणजे एकाच क्षणी दोन कारणे एकाच दिशेने काम करतात. आणि हे सगळे अशा वेळी घडते, जेव्हा काही सेकंदांपूर्वीपर्यंत इंजिने बंद असल्याने टाकीला नवा गरम वायू मिळालेला नसतो.

पुढची साखळी ज्वाळेच्या रंगावरून वाचता येते. इंधनाचा दाब पडला, पंपाला मिथेन कमी मिळाले, ऑक्सिजन मात्र पूर्वीसारखाच येत राहिला. मिश्रण ऑक्सिजनच्या बाजूला झुकले. मिथेन येथे केवळ जळत नाही, तर ज्वलनकक्षाच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या भिंतीही तेच थंड ठेवते. त्यामुळे प्रवाह घटला की भिंतीचे शीतलन घटते आणि नेमका त्याच वेळी आतला वायू अधिक ऑक्सिडीकारक होतो. तापलेले तांबे आणि मोकळा ऑक्सिजन एकत्र आले की धातूच जळू लागतो, आणि जळणाऱ्या तांब्याची ज्योत हिरवी असते. त्या दिवशी कॅमेऱ्यांनी टिपलेला हिरवा रंग म्हणजे इंजिन स्वतःलाच जाळत असल्याची खूण होती.

तरीही हे उड्डाण मी अपयशी मानत नाही. आडवे पडणे, पंखांनी तोल सांभाळणे, गिरकी घेणे आणि नेमक्या जागी येणे, हे सगळे पहिल्याच प्रयत्नात साधले होते. उरला होता तो एका लहान टाकीतला दाब.

एसएन-१० : दाब टिकला, प्रवाह बिघडला

मधल्या २ फेब्रुवारी २०२१ च्या एसएन-९ च्या उड्डाणात उतरताना दोनपैकी एक इंजिन पेटलेच नाही आणि यान आदळले. तो प्रश्न वेगळा होता. त्यातून पुढे आलेला बदल असा की उतरताना आधी तिन्ही इंजिने पेटवायची आणि मग नको असलेली बंद करायची.

हेडर टाकीवरचा उपाय होता हेलियम. तर्क सरळ आहे. वायूच्या मिश्रणात प्रत्येक घटक आपापला आंशिक दाब देतो. मिथेनचा वाटा द्रवाला भेटून नाहीसा झाला तरी हेलियमचा वाटा जागेवर राहतो, कारण हेलियम त्या तापमानाला द्रव होऊच शकत नाही आणि द्रव मिथेनमध्ये फारसा विरघळतही नाही. टाकी कितीही हिंदकळली तरी दाबाला एक तळ मिळतो. अपघाताचे कारण दाब कोसळणे हे असेल, तर हा उपाय त्या कारणावर नेमका बसतो. कोणत्याही जाणत्या अभियंत्याने बैठकीत त्याला मान डोलावली असती.

एसएन-१० गिरकी घेऊन उभे झाले, उतरण्याच्या जागेवर आले, पण शेवटच्या टप्प्यात इंजिनाचा धक्का अपेक्षेपेक्षा कमी पडला. यान सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने टेकले, पाय आणि तळाच्या झालरीचा (इंजिनांभोवतीच्या पोलादी कड्याचा) काही भाग चुरडला गेला, आणि काही मिनिटांनी स्फोट झाला. मस्क यांनी नंतर दिलेले स्पष्टीकरण असे होते की हेडर टाकीतला हेलियम इंधनाबरोबर काही अंशी इंजिनात गेला असावा. मिथेनच्याच वायूने दाब राखला असता तर ते बुडबुडे बहुधा पुन्हा द्रव झाले असते. आणि हेलियम वापरण्याच्या निर्णयाला मान्यता आपण दिली होती, म्हणून चूक आपली आहे. वरिष्ठाने इतक्या उघडपणे आणि इतक्या नेमक्या शब्दांत चूक स्वीकारणे मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळेच बाहेरच्या अभ्यासकाला या प्रकरणातली कार्यकारणाची साखळी पूर्ण करता येते.

ती साखळी अशी. गिरकीत द्रव आणि वायू मिसळतात तेव्हा दोन गोष्टी होतात : द्रव वायूत उडतो, आणि वायूही द्रवात ओढला जाऊन त्याचे बुडबुडे होतात. एसएन-८ च्या अपघाताने पहिली गोष्ट दाखवली आणि उपाय तिच्यावर योजला गेला. दुसरी गोष्ट त्या वेळी डोळ्यांआड राहिली, कारण मिथेनचे बुडबुडे थंड द्रवात आपोआप विरून जात होते. जो गुणधर्म वरच्या जागेतला दाब खात होता, तोच खालच्या नळीतला फेस साफ करत होता. हेलियम आणल्यावर वरचा दाब टिकला, पण खाली गेलेला बुडबुडा विरण्याचा मार्ग उरला नाही. दाब वाढला की तो फक्त लहान होतो, नाहीसा होत नाही. पंप आकारमानाने द्रव ओढतो. त्या आकारमानात वायू मिसळला की वस्तुमानाचा प्रवाह घटतो, आणि इंजिनाचा धक्का वस्तुमानावर ठरतो.

निर्णयाचे मूल्यमापन

हेलियमचा उपाय चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते अपुरे वाटते. अपघाताचे कारण टाकीतल्या दाबाच्या भाषेत मांडले गेले, म्हणून उपायही दाबाच्या भाषेत आला. तेच कारण ‘वायू आणि द्रव यांचा पृष्ठभाग मोडला’ असे मांडले असते, तर पहिला विचार पृष्ठभाग शांत ठेवण्याचा झाला असता : टाकीत हिंदकळणे अडवणाऱ्या आडपट्ट्या, निर्गमनाच्या तोंडाशी बुडबुडे अडवणारी जाळी, आत येणारा वायू थेट द्रवावर न आदळता पसरून यावा अशी रचना, किंवा गिरकीचा वेग आणि क्षण बदलणे. यांपैकी प्रत्येकाला वजनाची किंवा वेळेची किंमत आहे, आणि उभ्या असलेल्या नमुन्यात काही आठवड्यांत आडपट्ट्या बसवण्यापेक्षा हेलियमची जोडणी करणे बरेच सुलभ असणार. घाईच्या चाचणी कार्यक्रमात असा उपाय निवडला जाणे मी समजू शकतो. मात्र टाकीच्या वरच्या भागाला लावलेला उपाय खालच्या नळीत काय करेल, हा प्रश्न त्या निवडीच्या यादीत पहिल्या ओळीवर असायला हवा होता.

येथे केरोसीनच्या अनुभवाने दिशाभूल केली असावी, असा माझा अंदाज आहे. केरोसीनच्या टाकीत हेलियम नेहमीचाच असतो आणि त्यात काही वावगे दिसत नाही. पण केरोसीनचे नेहमीचे टप्पे वर जाताना द्रव तळाशी दाबून ठेवतात, आणि फाल्कन-९ चा पहिला टप्पा जमिनीकडे उतरतानाही उभाच राहतो. नव्वद अंशांची गिरकी आणि इंजिनाला सर्वांत जास्त गरज असण्याचा क्षण एकत्र येणे, हे या यानाचे खास लक्षण होते. एका इंधनाबरोबर निर्धोक ठरलेला वायू दुसऱ्या इंधनाबरोबर आणि दुसऱ्या हालचालीत तसाच निर्धोक राहील, असे धरून चालता येत नव्हते.

३० मार्च २०२१ रोजी दाट धुक्यात उडालेल्या एसएन-११ ने मिथेनची आणखी एक बाजू दाखवली. चढताना मिथेनची छोटीशी गळती झाली, एका इंजिनाजवळ आग लागली, तिने नियंत्रणाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा काही भाग जाळला, आणि उतरण्यासाठी इंजिन पेटवताना मिथेनच्या टर्बोपंपात सुरू होतानाच इतका जोरदार धमाका झाला की यान हवेतच फुटले. केरोसीन गळले तर बराच काळ द्रव राहते; मिथेन गळताच वायू होऊन बंदिस्त झालरीत पसरते आणि ठिणगीची वाट पाहते. इंजिनांच्या भोवतीची जागा सतत निष्क्रिय वायूने धुऊन काढणे आणि तारांना उष्णतेपासून कवच देणे, या गोष्टी म्हणून मिथेनच्या यानात ऐच्छिक राहत नाहीत.

एसएन-१२, १३ आणि १४ हे नमुने उडवले गेले नाहीत. रचना, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि इंजिने यांत शेकडो सुधारणा केलेला एसएन-१५ थेट पुढे आला. ५ मे २०२१ रोजी तो सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून परतला, उभा उतरला आणि उभाच राहिला. टेकल्यानंतर तळाशी एक छोटी आग काही वेळ जळत होती. थेट प्रक्षेपणात निवेदकाने सांगितले की बरोबर नेलेल्या मिथेनमुळे असे होणे अनपेक्षित नाही आणि आगीच्या अशा जागा काढून टाकण्याचे काम अजून सुरू आहे. पाण्याच्या फवाऱ्यांखाली ती आग विझली, आणि यान जागेवर उभे होते.